हेडमास्तरांची परीक्षा



मुलांच्या परीक्षांविषयी आपण बारा महिने बोलत असतो. मास्तरांच्या योग्यतेविषयीही अधूनमधून बोलतो. पण शाळेची घडी ज्यांच्या हाती असते त्या हेडमास्तरांची परीक्षा कोण घेतो, काय पाहून घेतो आणि त्या परीक्षेमुळे शेवटच्या बाकावरील मुलाच्या पदरात काय पडते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. त्याची उत्तरे सरकारी कागदांत, शेरेबुकांत आणि संस्थांच्या कपाटांत पडून आहेत. विषय रूक्ष आहे हे आधीच सांगून टाकतो. परंतु त्याला दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडलेली दिसते. वरिष्ठांनी हेडमास्तरांना ज्या मापाने मोजले त्या मापाची शाळा हेडमास्तरांनी उभी करून दाखविली, आणि मूल वाचू लागले की नाही हे त्या मापात बहुधा नव्हतेच.

हा विषय मिरा-भाईंदरात मांडण्याला कारण आहे. वसईच्या खाडीच्या अलीकडे, साष्टीच्या उत्तर टोकाला भाईंदर, मिरे, काशी, घोडबंदर, नवघर, राई, मुर्धे, मोर्वे, डोंगरी, उत्तन अशी गावे पिढ्यान् पिढ्या नांदत होती. मिठागरे, भातशेती आणि मासेमारी यांवर त्यांची गुजराण चाले. १८६४ साली रेल्वे आली, तरी गावे गावेच राहिली. नगरपरिषद झाली ती १९८५ साली आणि महानगरपालिका २००२ साली. २००१ च्या जनगणनेत येथे ५ लाख २० हजार माणसे होती; २०११ मध्ये ती ८ लाख ९ हजार झाली. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू आणि गुजराती माध्यमांच्या आहेत, आणि खाजगी शाळांची गणती वेगळीच. घरात एक बोली, रस्त्यावर दुसरी आणि पुस्तकात तिसरी, अशी मुले एका वर्गात शेजारीशेजारी बसतात. आईबाप बाहेरून येऊन राहिलेले. येथल्या शाळांची परंपरा त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. मग शाळा चांगली की वाईट हे त्यांनी ठरवावे कशावरून? निकाल लागल्यावर नाक्यानाक्यावर जे फलक झळकतात त्यांवरून. त्यांवर ‘शंभर टक्के निकाल’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. हा शंभराचा आकडा आपल्या शाळांच्या मानगुटीवर केव्हा आणि कसा बसला, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षणखाते सुरू झाले ते १८५५ साली. आदल्या वर्षी वुडचा खलिता आला होता. खाजगी शाळांना ग्रँट द्यावी आणि शाळा तपासण्यासाठी इन्स्पेक्टर नेमावेत, ही कलमे त्यातलीच. तोपर्यंत गावच्या पंतोजींची परीक्षा गावच घेत असे. मूल मोडी वाचू लागले, पावकी-निमकी तोंडपाठ झाली, सावकाराच्या चिठ्ठीतला आकडा त्याला उमगू लागला, म्हणजे बाप समाधानाने पंतोजींच्या पदरात धान्य टाकी. नाही तर हात आखडता घेई. या परीक्षेत दोष पुष्कळ होते. ज्यांना शाळेची पायरीच चढू दिली जात नव्हती त्यांना तर तिच्यात जागाच नव्हती, हे विसरून जुन्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण परीक्षक रोज रात्री मुलाशेजारी जेवायला बसत होता, हा तिचा एक गुण होता. तो पुढे कोणत्याच पद्धतीला साधला नाही.

खात्याबरोबर डेप्युटी इन्स्पेक्टर आले. खेड्यातल्या तोंडी त्यांचे ‘दिपोटी’ झाले. दिपोटींची स्वारी वर्षातून एकदा येई, आणि तिची वर्दी आधी पोचे. मग शाळा सारवली जाई, हजेरीपत्रके नीट लावली जात, मुले धुतलेले कपडे घालून येत आणि चुणचुणीत मुले पुढच्या ओळीत बसत. दिपोटी पुस्तक उघडून चारदोन मुलांना उभे करीत, शेरेबुकात शेरा लिहीत आणि पुढच्या गावाला निघत. त्या शेऱ्यावर मास्तरांची बढती, बदली आणि अब्रू अवलंबून असे.

एवढ्यात विलायतेत एक नवी कल्पना निघाली. १८६२ साली रॉबर्ट लो या मंत्र्याने प्राथमिक शाळांच्या ग्रँटचे नियम बदलले. सरासरी हजेरीतल्या दर मुलामागे ४ शिलिंग मिळावयाचे. शिवाय ठरावीक दिवस हजर राहिलेले मूल वाचन, लेखन आणि गणित या तिन्हींत उतरले तर आणखी ८. मात्र एका विषयात गचकले की त्यांतून २ शिलिंग ८ पेन्स वजा. पद्धत एक तर स्वस्त पडेल, नाही तर कार्यक्षम ठरेल, असा लो यांचा रोखठोक हिशेब होता. मुंबई इलाख्यातही त्याच दशकात ग्रँट निकालाला बांधली गेली. खात्याचे अधिकारी शाळेत येत, इयत्तावार मुले तपाशीत, उतरलेल्या मुलांची बेरीज करीत, आणि त्या बेरजेवर शाळेचे पैसे ठरत. हेडमास्तरांची योग्यता रुपये-आण्यांत मांडण्याची ही पहिली पद्धत.

न्यायाने बोलायचे तर या पद्धतीत एक गोष्ट चांगली होती. पूर्वीचा इन्स्पेक्टर वरच्या वर्गातील दोन हुशार मुलांचे पाठांतर ऐकून खूष होऊन जाई. आता त्याला एकेका मुलापुढे बसावे लागले. मठ्ठ म्हणून सोडून दिलेल्या मुलालाही किंमत आली, कारण त्याच्या डोक्यावरही पैसे होते. या पद्धतीवर टीका करणाऱ्यांनी ही गोष्ट फारशी बोलून दाखविली नाही.

पण व्हायचे ते झालेच. जे तपासले जाई तेवढेच शिकविले जाऊ लागले. तीन विषयांपलीकडचे सारे ज्ञान बिनपैशाचे ठरले. मुलांना वाचनमालेतले धडे इतके पाठ करून घेत की पुस्तक समोर नसले तरी वाचन अडू नये! मॅथ्यू आर्नल्ड हा इंग्रज कवी म्हणून आपल्याला ठाऊक असतो. पण तो पस्तीस वर्षे शाळांचा इन्स्पेक्टर होता, आणि या पद्धतीमुळे शिकवणे यंत्रासारखे झाले आहे, त्यातला जीव गेला आहे, असे त्याने आपल्या अहवालांतून वारंवार कळविले. कवीचे कोण ऐकतो! विलायतेत ही पद्धत मोडायला १८९० चे दशक उजाडावे लागले.

आपल्याकडे या प्रश्नाचा सर्वांत रोखठोक विचार कोणी केला असेल तर तो जोतीराव फुले यांनी. १८८२ साली हंटर कमिशन आले तेव्हा त्यांनी १९ ऑक्टोबर रोजी आपले निवेदन सादर केले. ते निवेदन प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी प्रसिद्ध आहे आणि तेच योग्य आहे; पण त्यातला शाळा-तपासणीविषयीचा मजकूर बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. वर्षातून एकदा येणाऱ्या डेप्युटीच्या भेटीचा काही उपयोग नाही, असे फुले स्वच्छ सांगतात. निदान तीन महिन्यांनी तरी शाळा तपासली जावी, आणि शिवाय अधूनमधून आगाऊ न कळवता भेट द्यावी, अशी त्यांची सूचना आहे. मास्तरांचा पगार १२ रुपयांहून कमी नसावा असे ते म्हणतात. जे मास्तर जास्त मुले पास करून दाखवतील त्यांना पगाराखेरीज भत्ता द्यावा असेही म्हणतात. म्हणजे निकालाला बक्षीस द्यायला फुल्यांचा विरोध नव्हता. स्वतः शाळा काढून चालविलेला हा माणूस होता. काहीच न मोजण्यातला धोका त्यांना कळत होता. मात्र निकाल हे एकच माप त्यांनी ठेवले नाही. पोट भरेल असा पगार, निकालाबद्दल वरकड भत्ता, आणि या सगळ्याला न सांगता येणाऱ्या पाहणीची जोड, अशी ती तिहेरी योजना होती. पुढील काळात सरकारांनी तिच्यातले एकेक कलम सुटे करून उचलले. तिन्ही एकत्र क्वचितच आली.

१९०४ साली कर्झनच्या सरकारने शिक्षणविषयक ठराव काढला आणि निकालावर ग्रँट देण्याची रीत बंद करण्याचे ठरविले. शाळेचा खर्च व तिची सर्वसाधारण स्थिती पाहून ग्रँट द्यावी असे आले. कागदावरून पद्धत गेली खरी, पण लोकांच्या मनात ती आधीच दुसऱ्या रूपाने शिरली होती. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली, आणि माध्यमिक शाळांची कीर्ती त्या एका परीक्षेला टांगली गेली. पुण्यात १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल निघाले. वामन शिवराम आपटे यांच्यासारखा संस्कृतचा गाढा पंडित तिचा चालक. तरी लोकांनी शाळा तोलली ती मॅट्रिकच्या निकालावर आणि जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीवर. ज्या शाळेचे ध्येय राष्ट्र घडविण्याचे, तिलाही ही तागडी चुकली नाही, मग इतरांची कथा काय? आणि तागडी सर्वस्वी खोटीही नव्हती. सरकारी आश्रय नसलेल्या शाळेला आपले तेज दाखवायला दुसरे साधन तरी कोणते होते?

स्वातंत्र्यानंतर दोन मोठ्या आयोगांनी या प्रश्नाला हात घातला. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाला इन्स्पेक्टरांची भेट वरवरची वाटली. इन्स्पेक्टराने एकट्याने धावती भेट देण्याऐवजी अनुभवी हेडमास्तर आणि शिक्षक बरोबर घेऊन दोनतीन दिवस शाळेत बसावे, असे त्याने सुचविले. पुढे १९६४-६६ चा कोठारी आयोग आला. त्याचे सचिव आपले जे. पी. नाईक. कारकुनी कारभार आणि शैक्षणिक मार्गदर्शन ही दोन कामे एका माणसाच्या गळ्यात बांधू नयेत, कारण पहिले काम दुसऱ्याला खाऊन टाकते, हे या आयोगाने ओळखले. शेजारच्या शाळांचा समूह करून त्यांनी एकमेकींना हात द्यावा, ही सूचनाही त्याचीच. विचार उत्तम होते. अंमलबजावणीत राहिला तो मुख्यतः तपासणीचा फॉर्म.

खाजगी शाळांसाठी महाराष्ट्राने १९७७ साली कायदा केला आणि १९८१ साली नियम. ते शिक्षकांना मनमानी बडतर्फीपासून वाचविण्यासाठी होते आणि त्यांनी हजारो संसार वाचविले, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. पण हेडमास्तर नेमण्याचे त्यांतले सूत्र पाहा. पात्र शिक्षकांत जो सेवाज्येष्ठ आणि ज्याची नोंद समाधानकारक, त्याला हे पद. संस्थाचालकाच्या जावयाला खुर्ची मिळू नये म्हणून ही तरतूद आवश्यक होती. मात्र त्यामुळे शाळा चालविण्याची हातोटी कोणाला आहे हा प्रश्नच विचारायचे कारण उरले नाही. खुर्चीवर बसल्यावर वर्षाकाठी एक गोपनीय अहवाल लिहावयाचा. हेडमास्तर शिक्षकांचा लिहितात आणि हेडमास्तरांचा संस्थेचे पदाधिकारी लिहितात. ज्याच्याविषयी लिहिले त्याला प्रतिकूल शेरा असला तरच कळायचे, अशी सरकारी नोकरीतही पूर्वापार रीत होती. २००८ साली देव दत्त यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी सेवकांच्या बाबतीत निर्णय दिला की शेरा कसाही असो, तो संबंधिताला कळविलाच पाहिजे. पुढे सरकारी खात्यांत ‘गोपनीय अहवाल’ हे नाव जाऊन ‘कार्यमूल्यमापन अहवाल’ आले. नाव बदलले हे बरेच झाले. पण सचोटी, वक्तशीरपणा, वरिष्ठांशी वागणूक या रकान्यांतून तिसरीतल्या मुलाला वजाबाकी येते की नाही हे काही कळत नाही.

आता त्या शंभराच्या आकड्याकडे वळू. दहावीचे चार निकाल मी आपल्यापुढे ठेवतो. राज्याचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांतले शाळेने द्यावयाचे २० गुण बंद केले, अभ्यासक्रमही नवा होता, आणि निकाल एकदम ७७.१० वर आला. ओरड झाली, गुण परत आले. २०२० मध्ये कोविडमुळे भूगोलाचा पेपरही रद्द झाला, आणि निकाल ९५.३० वर गेला. २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही. तेव्हा तो ९९.९५ टक्के लागला! शाळा बहुतांशी त्याच, हेडमास्तर बहुतांशी तेच. ते २०१९ मध्ये एकाएकी नालायक झाले आणि २०२१ मध्ये देवमाणसे झाली, असे कोणी म्हणणार आहे काय? तरीही याच आकड्यावर आपण त्यांना हार घालतो किंवा खुलासा मागतो.

याचा खरा भुर्दंड कोण भरतो ते पाहिले पाहिजे. २०१० पासून २०२३ पर्यंत शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवता येत नसे. तेव्हा दहावीचा निकाल उजळ ठेवायचा तर चाळण लावण्याची जागा एकच उरली, ती नववी. कच्चे मूल नववीत अडविले जाते, किंवा पालकांना बोलावून गोड शब्दांत सांगितले जाते की याला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा. शाळेच्या फलकावरचा आकडा वाढतो. ते मूल मात्र आकड्याच्या बाहेर जाते. मिठागराच्या कामगाराचे, खाडीवरच्या कोळ्याचे किंवा परप्रांतातून आलेल्या सुताराचे ते मूल असेल, तर त्याच्यासाठी भांडायला येणार कोण? सगळ्याच शाळा असे करतात असे माझे म्हणणे नाही. हेडमास्तर दुष्ट असतात असे तर मुळीच नाही. पण जेथे आकड्यावर पुढच्या वर्षीचा पट अवलंबून आहे तेथे हेडमास्तरांवर कसले दडपण येते, याची कल्पना आपण करू शकतो. प्राथमिक शाळेत तर पटाचे महत्त्व आणखी थेट आहे. पाचवीपर्यंतची पटसंख्या १५० च्या वर असेल तरच शिक्षकांखेरीज वेगळा मुख्याध्यापक, असे शिक्षणहक्क कायद्याचे परिशिष्ट सांगते. डोईमागे हिशेबाची लो यांची रीत अशी मागच्या दाराने पुन्हा घरात येऊन बसली आहे.

अलीकडे मापे बदलली, वाढली. यू-डायसची माहिती वेळेवर भरली का, ‘सरल’वर नोंदी झाल्या का, पोषण आहाराचा हिशेब जुळतो का, हे हेडमास्तरांना विचारले जाते. २०१५ साली ‘शाळा सिद्धी’ आली. ७ क्षेत्रे, ४६ मानके. शाळेने आपणच आपले मूल्यमापन करावे आणि मग बाहेरच्यांनी ते पडताळावे. कल्पना वाईट नव्हती. अशीच एक योजना मध्य प्रदेशाने आधी राबविली होती. शाळांची पाहणी, श्रेणी, सुधारणेचा आराखडा आणि त्याचा पाठपुरावा, सारे यथासांग. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तिची काटेकोर तपासणी केली आणि २०२० साली निष्कर्ष मांडला. पाहण्या झाल्या, आराखडे लिहिले गेले. पण वर्गातले शिकवणे बदलले नाही आणि मुलांचे शिकणेही तसूभर पुढे गेले नाही. दरम्यान योजना यशस्वी समजून तिचा विस्तार देशातल्या लाखो शाळांत सुरूही झाला होता! कागद पुरा झाला म्हणजे काम झाले, हा आपला जुना आजार; दिपोटींच्या शेरेबुकापासून चालत आलेला.

मग हेडमास्तरांना मोजूच नये काय? हा निष्कर्ष मात्र मी काढू देणार नाही. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या शाळांवरून ब्रांच, हानुशेक आणि रिव्हकिन या अभ्यासकांनी २०१३ साली असा अंदाज मांडला की उत्तम मुख्याध्यापकाच्या शाळेतले सामान्य मूल एका वर्षात दोन ते सात महिन्यांचे शिक्षण अधिक मिळवते, आणि वाईट मुख्याध्यापकाच्या हाताखाली तितकेच गमावते. शिक्षक एका वर्गाला घडवितो, हेडमास्तर साऱ्या शाळेला. कोणता शिक्षक पहिलीवर ठेवायचा, कोणाला हात द्यायचा, गैरहजर मुलाच्या घरी कोणी जायचे, हे तेच ठरवितात. एवढा अधिकार ज्यांच्या हाती, त्यांची परीक्षा झालीच पाहिजे. पण तो अंदाज ज्या रीतीने काढला ती रीत ध्यानात घ्यावी. तेथे मूल शाळेत आले तेव्हा कोठे होते आणि वर्षाने कोठे पोचले, यातले अंतर मोजले गेले. आपल्याकडचा फलक फक्त शेवट सांगतो. उत्तनच्या कोळीवाड्यातले मूल शून्यापासून निघून पन्नास टक्क्यांवर पोचले, आणि शिकवणी लावलेले मूल ऐंशीपासून पंच्याऐंशीवर गेले, तर फलकावर दुसऱ्याचा फोटो लागतो.

हे अंतर मोजणे अवघड नाही. ‘प्रथम’ संस्थेने २००५ पासून ‘असर’ची पाहणी चालविली. एक उतारा, काही शब्द, चार आकडेमोडी; स्वयंसेवक घरी जाऊन मुलाला वाचायला लावतो आणि थोड्याच वेळात कळते की ते अक्षरावर आहे, शब्दावर आहे की गोष्टीवर. ही पाहणी ग्रामीण भागाची आहे. त्यामुळे गंमत अशी की गडचिरोलीच्या खेड्यातले मूल किती वाचते हे आपण सांगू शकतो, आणि मुंबईच्या वेशीवरील आठ लाखांच्या शहरातले मूल किती वाचते हे त्या पाहणीतून कळत नाही. येथली गावे गावे राहिली असती तर कदाचित ती मोजली गेली असती.

जूनमध्ये आणि मार्चमध्ये प्रत्येक शाळेतल्या दुसरी ते पाचवीच्या मुलांना, त्यांच्या त्यांच्या माध्यमात, एक उतारा वाचायला द्यावा. दोन्ही वेळची यादी हेडमास्तरांसमोर ठेवून किती मुले अक्षरावरून शब्दावर आणि शब्दावरून गोष्टीवर सरकली ते पाहावे. माध्यमिक शाळेत दहावीच्या टक्क्यांशेजारी आणखी एक आकडा लिहावा: आठवीत असलेल्या मुलांपैकी दहावीला याच शाळेतून किती बसली. हा दुसरा आकडा फलकावर आला की पहिल्याचा अर्थ पालकांना आपोआप लागेल. आणि जो हेडमास्तर मागे पडलेला दिसेल त्याला नोटीस धाडण्याआधी शेजारच्या शाळेतला एखादा जाणता हेडमास्तर आठवडाभर त्याच्याबरोबर बसवावा. मुदलियार आयोग तेच सांगत होता.

राहता राहिली फुल्यांची तीन महिन्यांची भेट, न कळवता द्यावयाची. १८८२ सालच्या दिपोटीला नद्या-नाले ओलांडून गावोगाव हिंडावे लागे, आणि सरकारला ते परवडत नव्हते. मिरा-भाईंदरचे सारे क्षेत्र ७९ चौरस किलोमीटर आहे. उत्तनच्या शेवटच्या शाळेपासून काशीमिऱ्याच्या शाळेपर्यंत महापालिकेची बस जाते, आणि सकाळच्या पाळीत निघालेला अधिकारी दुपारच्या पाळीपर्यंत दोन शाळांतल्या वीस वीस मुलांचे वाचन ऐकून परत येऊ शकतो.